जांभळाचा रंग आणि पाड्यावरचा दिवा

अभ्यासलेख : तरुण संघ, शब्बाथ शाळेचे शिक्षक आणि वसतिगृहांना मदत करणारे हितचिंतक यांच्यासाठी



जून उजाडला की मालाड स्टेशनबाहेर जांभळांच्या टोपल्या दिसू लागतात. त्यांतली कितीतरी फळे पालघर जिल्ह्यातून सकाळच्या गाडीने आलेली असतात. त्याच जिल्ह्यातल्या बहाडोली गावच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पानाच्या द्रोणातली चार जांभळे तोंडात टाकली की जीभ तासभर जांभळी राहते आणि पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला डाग तर धुऊनही जात नाही.

याच रंगाविषयी आपल्या तरुणांनी एक प्रश्न विचारला आहे. जांभळाच्या रसापासून सूर्यप्रकाशावर वीज तयार होते, असे त्यांनी मोबाइलवर पाहिले. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागांत जांभूळ भरपूर आहे आणि तिथल्या काही दूरच्या पाड्यांवर संध्याकाळी वीज असेलच याची खात्री नसते. मग जांभळाचे सोलर पॅनेल करून पाड्यांना का देऊ नयेत? त्यासाठी आपण निधी गोळा करू या का?

प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला आहे, म्हणून त्याचे उत्तरही नीट अभ्यास करून द्यायला हवे. जांभळाच्या रंगापासून वीज होते, ही गोष्ट खरी आहे. ती वीज पाड्यावरच्या मुलाला अभ्यासापुरता उजेड देईल का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे. या लेखात आपण दोन्ही गोष्टी क्रमाने पाहू.

१. रंग म्हणजे काय?

जांभूळ जांभळे दिसते, कारण त्याच्या सालीतले रंगद्रव्य उजेडाचा काही भाग स्वतःत घेते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परत पाठवते. घेतलेला उजेड नाहीसा होत नाही. त्याची शक्ती रंगाच्या कणातल्या एका इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो वरच्या पायरीवर उडी घेतो. बहुतेक वेळा तो लगेच खाली येतो आणि ती शक्ती उष्णता होऊन जाते. उन्हात ठेवलेला गडद कपडा तापतो तो यामुळेच.

झाडाचे पान यापुढे एक पाऊल जाते. त्यातले हिरवे द्रव्य उजेड घेते आणि उडी घेतलेला इलेक्ट्रॉन खाली पडण्याआधीच शेजारचा कण त्याला उचलून पुढे देतो. तो असा हातोहात पुढे जातो आणि शेवटी त्या शक्तीतून झाडाचे अन्न तयार होते. पानाची ही युक्ती काचेवर करता येईल का, या विचारातून आपला विषय सुरू झाला.

२. काचेचे पान

१९९१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील तंत्रविद्यापीठात ब्रायन ओरेगन आणि मायकेल ग्रेट्झेल या शास्त्रज्ञांनी अशा घटाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. उन्हातली सात टक्क्यांहून अधिक शक्ती त्यांच्या घटाने विजेत बदलली होती. त्यासाठी वापरलेला रंग रुथेनियम या महागड्या धातूपासून प्रयोगशाळेत बनवलेला होता. या कामासाठी ग्रेट्झेल यांना २०१० मध्ये मिलेनियम टेक्नॉलॉजी पारितोषिक मिळाले. अशा घटाला मराठीत आपण ‘रंगाचा सौरघट’ म्हणू.

त्याची रचना समजायला कठीण नाही. दोन काचा घ्यायच्या. त्यांच्या एका बाजूवर वीज वाहून नेणारा अगदी पातळ, पारदर्शक थर असतो. पहिल्या काचेवर टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या भुकटीची खळ पसरवायची. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि टूथपेस्टमध्ये असते तीच ही भुकटी, फक्त फारच बारीक कणांची. वारली घरात गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाची पांढरी खळ चढते, तसाच हा पांढरा थर काचेवर बसतो. मग ती काच सुमारे ४५० अंश सेल्सिअस उष्णतेवर अर्धा तास भाजायची. भाजल्यावर कण एकमेकांना धरतात आणि भिंगातूनही न दिसणाऱ्या छिद्रांचा स्पंज तयार होतो. वरून चार चौरस सेंटिमीटर दिसणाऱ्या त्या थराचे आतले पृष्ठ शेकडो पटींनी मोठे असते.

हा पांढरा स्पंज उघड्या डोळ्यांना दिसणारा उजेड जवळजवळ घेतच नाही. म्हणून त्याला रंगात बुडवायचे. जांभळाच्या रसात काही वेळ ठेवला की पांढरा थर जांभळा होतो. दुसऱ्या काचेवर कार्बनचा थर द्यायचा. मेणबत्तीच्या काजळीचा किंवा शिसपेन्सिलीच्या शिशाचा थरही चालतो. दोन्ही काचा समोरासमोर दाबून मध्ये आयोडीनच्या द्रावणाचे एकदोन थेंब सोडले की घट तयार होतो.

आता उन्हात काय घडते ते पाहू. विहिरीपासून घरापर्यंत माणसे रांगेने उभी राहून हंडे हातोहात पुढे देतात, असे समजा. ऊन रंगाच्या कणावर पडते, इलेक्ट्रॉन उडी घेतो आणि पांढरा थर त्याला झेलतो. तिथून तो काचेवर, काचेवरून तारेत आणि तारेतून दुसऱ्या काचेवर जातो. रंगाच्या कणाकडे आता एक इलेक्ट्रॉन कमी आहे. ती उणीव आयोडीनचे द्रावण भरून काढते आणि स्वतःची उणीव दुसऱ्या काचेकडून भरून घेते. फेरा पूर्ण होतो आणि ऊन असेपर्यंत चालू राहतो. तारेच्या वाटेत छोटे घड्याळ जोडले, तर तेही या फेऱ्यावर चालू शकते.

३. सगळेच रंग सारखे नसतात

वनस्पतींचे रंग वापरून पाहण्याचे काम लवकरच सुरू झाले. १९९७ मध्ये ब्लॅकबेरीच्या रंगावर केलेल्या एका घटाची कार्यक्षमता ०.५६ टक्के भरली. पुढच्याच वर्षी, शाळा-महाविद्यालयांत फळांच्या रसाने असा घट कसा करावा, याची कृती रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी छापून आली. आपल्याकडे २०१७ मध्ये रुडकीच्या आयआयटीतील संशोधकांनी जांभळाचा रंग वापरून घट केल्याची बातमी गाजली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही रंगाच्या सौरघटांवर काम झाले आहे.

रंग गडद असला म्हणजे पुरे, असे नाही. त्याने पांढऱ्या थराला घट्ट धरले पाहिजे. जांभूळ, करवंद, रातांबा आणि लाल जास्वंद यांच्या रंगांना अँथोसायनिन म्हणतात. यांतल्या काही रंगांच्या कणाला शेजारीशेजारी दोन ‘हात’ असतात आणि त्या हातांनी तो टायटॅनियमला पकडतो. मग पाण्याने धुतले तरी थराचा रंग जात नाही. पालकाचा हिरवा रंग पानात अप्रतिम काम करतो, पण काढलेल्या रूपात त्याला असे हात नसल्यामुळे तो काचेवर नीट बसत नाही. हळदीचा पिवळा रंग बसतो, पण तो उजेडाचा थोडाच भाग घेतो. सदऱ्यावरचा जांभळाचा डाग निघत नाही म्हणून आई रागावते, पण त्या चिवट गुणाचाच या घटात उपयोग होतो.

४. आता हिशेब

इथपर्यंत वाचून मन उत्साहाने भरते. म्हणून आता कागद-पेन्सिल घेऊन बसू या. हा हिशेब शब्बाथ शाळेतल्या मोठ्या मुलांनाही जमेल.

भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॉट ऊन पडते. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरवर १०० मिलिवॉट. हाताने केलेला घट दोन सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर रुंद, म्हणजे चार चौरस सेंटिमीटरचा धरू. त्यावर ४०० मिलिवॉट ऊन पडले. जांभळाच्या घटाची कार्यक्षमता अर्धा टक्का धरली, तर हाती आले दोन मिलिवॉट.

अभ्यासाच्या साध्या एलईडी दिव्याला एक वॉट, म्हणजे १००० मिलिवॉट लागतात. १००० ला दोनने भागले की उत्तर येते ५००. एका दिव्याएवढी शक्ती मिळवायची तर जांभळाचे ५०० घट लागतील. आपल्या छतांवर दिसणाऱ्या सिलिकॉनच्या पॅनेलची कार्यक्षमता सुमारे २० टक्के असते. त्याच एका वॉटसाठी सिलिकॉनचा सात सेंटिमीटर बाजूचा चौकोन पुरतो. तो तळहातावर मावतो.

कोणी म्हणेल, ५०० घटांची जागा तरी किती? दोन चौरस फुटांहून थोडी अधिक. तेवढी जागा कौलांवर सहज मिळेल! बरोबर आहे, जागा मिळेल. पण ५०० काचा भाजायच्या आहेत, प्रत्येकीच्या कडा द्रावण गळणार नाही अशा बंद करायच्या आहेत आणि सगळ्या तारांनी जोडायच्या आहेत. वीज वाहणारी ती काच साध्या खिडकीच्या काचेपेक्षा पुष्कळ महाग असते. आणि एवढे सगळे केल्यावरही खरी अडचण पुढे उभी आहे.

५. रंग विटतो

सिलिकॉनच्या पॅनेलला कंपन्या साधारण २५ वर्षांची हमी देतात. जांभळाचा घट काही दिवसांत किंवा आठवड्यांत मंदावतो. उन्हाने रंगाचे कण मोडतात, द्रावण सुकते किंवा गळते.

मग झाडाच्या पानाचा रंग वर्षभर कसा टिकतो? खरे तर पानातले रंगद्रव्यही उन्हाने मोडतच असते. पण पान जिवंत आहे. मोडलेल्या कणाच्या जागी ते नवा कण घडवते. काचेवरचा रंग झाडापासून तुटलेला आहे. त्याची डागडुजी करायला तिथे कोणी नाही. पानाची नक्कल करताना आपण त्याची उडी उचलली, पण त्याची दुरुस्ती आपल्याला उचलता आली नाही.

म्हणूनच या क्षेत्रातले शास्त्रज्ञ टिकाऊ कृत्रिम रंगांकडे वळले. त्यांनी प्रयोगशाळेत १५ टक्क्यांपर्यंत मजल मारली आहे आणि घरातल्या मंद उजेडावर चालणाऱ्या छोट्या उपकरणांसाठी असे घट बनूही लागले आहेत. ते चांगले काम आहे, पण त्यात आपले जांभूळ नाही.

६. एका छायाचित्राचा मोह

पाड्यावरची मुलगी हातात जांभळाचे पॅनेल धरून हसते आहे, असे छायाचित्र आपण छापले, तर ते पाहून देणग्या नक्की येतील. पण पाऊस सुरू झाल्यावर, आभाळ आठवडाभर भरलेले असताना, ते पॅनेल तिला अभ्यासापुरता उजेड देणार नाही. तेव्हा तिथे कोणी छायाचित्र काढायला जाणार नाही. तेल संपलेल्या दिव्यांचा दृष्टांत आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. आपल्या हातून पाड्यावर जाणारा दिवा तसा असू नये.

यात आणखी एक गोष्ट आहे. ज्यांच्याकडे पर्याय थोडे आहेत, त्यांच्यावर अर्धवट वस्तूंचा प्रयोग करायचा आणि त्याला सेवा म्हणायचे, ही चूक पुष्कळदा चांगल्या मनाची माणसेच करतात. जे पॅनेल आपण मालाडच्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर बसवणार नाही, ते पाड्यावर का बसवावे? आणि जांभळाला फळ म्हणूनच चांगली किंमत मिळते. ते नीट वेचले, नीट भरले आणि वेळेवर बाजारात पोहोचले, तर घरात पैसे येतात.

७. मग दिवा कोणता द्यावा?

या प्रश्नाला आपल्या शेजारीच एक चांगले उदाहरण आहे. पवईच्या आयआयटी मुंबईने २०१४ मध्ये ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी दहा लाख सौर अभ्यासदिव्यांची योजना सुरू केली. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, राजस्थान आणि ओडिशा या राज्यांत ती राबवली गेली. दिवे सिलिकॉनच्या लहान पॅनेलवर चालणारे, साधे होते. विशेष हे की ते जोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम त्या त्या भागातल्या माणसांना शिकवले गेले. दिवा बंद पडला तर तो शहरात पाठवण्याची गरज नव्हती.

पान आणि काच यांच्यातला जो फरक आपण वर पाहिला, तोच इथेही लागू आहे. जिथे दुरुस्ती आहे, तिथे उजेड टिकतो. म्हणून दिव्यासाठी देणगी देताना पुढचे तीन प्रश्न जरूर विचारावेत :

दिव्याची बॅटरी काही वर्षांनी संपेल, तेव्हा ती कोण बदलणार आणि पैसे कुठून येणार?
पाड्यावर किंवा जवळच्या बाजारात दुरुस्ती येणारे कोणी आहे का? नसेल, तर एखाद्या तरुण-तरुणीला ते शिकवण्याचा खर्च आपण उचलू का?
पावसाळ्यात सलग ऊन नसेल, तेव्हा दिवा किती दिवस चालेल?

८. जांभळाचा घट : वर्गासाठी

तर मग जांभळाचा घट सोडून द्यायचा का? मुळीच नाही. त्याची जागा वर्गात आहे. वसतिगृहातल्या आठवी ते दहावीच्या मुलांसाठी याहून चांगला विज्ञानाचा पाठ शोधून सापडणार नाही. आपले तरुण सुट्टीच्या दिवशी बोरिवलीहून डहाणू लोकल पकडून तिकडे जातात, त्यांनी हा पाठ सोबत न्यावा.

तयारी : वीज वाहणाऱ्या काचा प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतात. पांढरा थर भाजण्याचे काम घरच्या गॅसवर किंवा चुलीवर करू नये. एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ते करून घ्यावे आणि भाजलेल्या काचा सोबत न्याव्यात. आयोडीनचे द्रावण मोठ्या माणसानेच हाताळावे. त्याचे डाग पडतात आणि ते डोळ्यांत किंवा तोंडात जाता कामा नये. एक साधा मल्टिमीटरही लागेल.

रंग : हा भाग मुलांवर सोपवावा. कोणत्या झाडाची जांभळे गडद, करवंदे कधी पिकतात, कोणत्या फुलाचा रंग हाताला लागतो, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. फळे कुस्करून थोड्या पाण्यात भिजवावीत, फडक्याने गाळावीत आणि रस सावलीत ठेवावा. जांभळाचा हंगाम नसेल तर लाल जास्वंद घ्यावी.

प्रयोग : एक काच रंगाशिवाय ठेवावी, एक जांभळाच्या, एक जास्वंदीच्या आणि एक हळदीच्या रंगात बुडवावी. घट जोडून उन्हात धरले की चांगल्या घटाचा काटा ०.३ ते ०.५ व्होल्टच्या आसपास जातो. मग त्यावर तळहाताची सावली धरावी. काटा खाली येतो. हात काढला की वर जातो. हे एकदा पाहिलेले मूल ‘उजेडात शक्ती असते’ हे वाक्य पाठ करणार नाही, त्याला ते कळलेले असेल. चारपाच घट एकामागे एक जोडले, तर छोटे डिजिटल घड्याळ चालवून पाहता येते.

नोंद : पाठाचा सर्वांत मोलाचा भाग हा आहे. मुलांनी आठवडाभर रोज त्याच वेळी काटा पाहून वहीत आकडे लिहावेत. आकडे उतरत जातील. ते तसेच लिहायला शिकवावे. प्रयोग ‘फसला’ असे म्हणू नये. रंग का विटला, हे मुलांनाच विचारावे आणि त्यांना झाडाच्या पानापर्यंत येऊ द्यावे.

या मुलांपैकी कोणी पुढे रसायनशास्त्र शिकेल आणि न विटणारा रंग शोधेल, अशी आशा आपण बाळगू. पण तोवर त्यांच्या उशाशी रोज रात्री लागणारा एक साधा, दुरुस्त करता येणारा दिवा असला पाहिजे. तरुणांच्या प्रश्नाचे आपले उत्तर असे : निधी जरूर गोळा करा. त्यातला मोठा भाग अशा दिव्यांसाठी आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी ठेवा, आणि थोडा भाग जांभळाच्या काचांसाठी.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. जांभळाचा डाग कापडावरून का निघत नाही आणि सौरघटात त्याचा उपयोग कसा होतो?
२. घटाची कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याऐवजी दोन टक्के झाली, तर एक वॉटच्या दिव्यासाठी किती घट लागतील? (उत्तर : १२५.)
३. पानातला रंग टिकतो आणि काचेवरचा विटतो, याचे कारण आपल्या शब्दांत सांगा.
४. आपल्या मंडळीने आजवर दिलेल्या वस्तूंपैकी कोणत्या अजून वापरात आहेत? ज्या बंद पडल्या, त्यांची दुरुस्ती कोणाकडे सोपवली होती?